कोऱ्या वर्षाच्या ननावरे बाई

ननावरे बाई वाचनालयात बसून वाचनालयालाच पत्र टाकायच्या.

बसून म्हणालो तेही खरं नाही. त्या बसत नसत. सकाळी दहाला यायच्या, खिडकीजवळच्या टेबलाशी उभ्या राहायच्या, पिशवीतनं पोस्टकार्ड काढायच्या, उभ्यानंच चार ओळी लिहायच्या आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून परत जागेवर यायच्या. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी पोस्टमन ते कार्ड आमच्या सेक्रेटरींच्या पुढ्यात ठेवायचा. सेक्रेटरी वाचायचे, मान वर करायचे, तर दहा पावलांवर बाई त्यांच्याकडंच बघत उभ्या.

"मॅडम, तोंडानं सांगितलं असतं तर चाललं नसतं का?"

"तोंडानं सांगितल्यालं तोंडापाशीच ऱ्हातं, सर. लिव्हल्यालं पोचतं."

सेक्रेटरी ज्युनियर कॉलेजात शिकवतात. माणूस वाईट नाही. पण रोज एक कार्ड म्हटल्यावर कुणालाही घाम फुटेल.

मी बाइंडर. पुस्तकं बांधण्यात पन्नास वर्षं गेली. शाळा तिसरीपर्यंत झाली, चौथीत मास्तरांशी पटलं नाही म्हणून सोडली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पुस्तक मी पाठीकडून ओळखतो. आत काय लिहिलंय ते शिकलेल्यांनी बघावं. माझ्या हातचं पुस्तक आजवर सुटलेलं नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. हे जे लिहितोय त्याला मला तीन महिने लागले, पण दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं नाही. बाई गेल्या माघात गेल्या. त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं आणि ते शिकलेल्यांच्या ध्यानात येईना, म्हणून मी लिहिलं.

बाई माण तालुक्यातल्या, दहिवडीच्या अलीकडच्या एका वस्तीवरच्या. नाव यमुना. सगळी नोकरी साताऱ्यात टपाल निवडण्याच्या कामात गेली. समोर खणांची मोठी मांडणी, एकेका गावाचा एकेक खण, आणि उभं राहून पत्रं त्या त्या खणात टाकायची. त्यामुळं उभं राहायची सवय. खुर्ची दिली तर त्यावर पिशवी ठेवायच्या. निवृत्त झाल्यावर भाचीकडं आमच्या गावात आल्या, कृष्णेच्या अलीकडं, सांगलीच्या बाजूला. अंगानं किडकिडीत, आवाज खणखणीत, चष्मा दोऱ्यानं बांधलेला.

पत्ता कसलाही असो, त्या लावायच्या. एकदा एका पाकिटावर नुसतं "आईस, लिंबाच्या झाडाजवळ, माण" एवढंच होतं. साहेब म्हणाले परत पाठवा. बाईंनी अक्षर बघितलं, शिक्का मुंबईचा बघितला, आणि आठवडाभर माणकडं जाणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारलं की कुणाचा पोरगा मुंबईला हाय आणि कुणाच्या दारात लिंब हाय. पत्र पोचलं. हे सांगताना त्यांना अभिमान वाटायचा असं नाही. न पोचतं तर लाज वाटली असती, एवढंच.

आता मुद्द्यावर येतो.

आमचं वाचनालय इंग्रजांच्या वेळचं. त्याला इतकी वर्षं झाली म्हणून मोठा समारंभ ठरला आणि एक स्मरणिका काढायचं ठरलं. जुनी रजिस्टरं बघून वर्षावर्षाची हकिकत लिहायची. सेक्रेटरींनी बाईंना सांगितलं, तुम्ही टपालातल्या, वाचनालयाला कुठकुठली मासिकं यायची ते जरा काढून द्या. बाईंनी रजिस्टर उघडलं. प्लेगच्या सालाचं पान आलं. गाव रिकामं करून लोक माळावर झोपड्या बांधून राहिले होते, ते साल. पान सगळं कोरं, आणि खाली एकच ओळ: "सबब, वाचन झाले नाही."

स्मरणिकेत तेच छापायचं होतं. बाई म्हणाल्या, छापू नका.

सेक्रेटरींनी विचारलं, का? बाईंचं म्हणणं साधं होतं. त्या सालचे पुण्याच्या एका मासिकाचे बाराच्या बारा अंक वाचनालयात आहेत. म्हणजे पुण्याहून टपाल येत होतं. टपाल येत होतं म्हणजे कुणीतरी घेत होतं. घेतलं आणि वाचलं नाही, असं कसं होईल?

"घेऊन ठेवले असतील," सेक्रेटरी म्हणाले.

बाईंनी पिशवीत हात घातला. तिसऱ्या दिवशी कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं की अंक नुसते घेऊन ठेवले असते तर कोरे राहिले असते, त्या सालच्या अंकांवर तेलाचे डाग आहेत, ते कसे पडले याचा खुलासा व्हावा.

तिथनं सुरुवात झाली. त्या एका सालाच्या मागं बाई लागल्या.

मी तेव्हा दुपारचा वाचनालयात जाऊन पेपर चाळायचो. पोराचं कुपवाडला पुठ्ठ्याची खोकी करायचं वर्कशॉप आहे, तिथं मला काम नाही आणि घरात सुनेला माझी अडचण. बाईंनी मला बघून ठेवलं. एक दिवस त्या सालाचा बांधीव खंड माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "तात्या, तुमी बाइंडर न्हवं? हा वास कसला सांगा."

मी पान नाकाशी नेलं. मला तो वास आधीच माहीत होता. माझ्या उस्तादांनी, बाबू उस्तादांनी, फार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. "गंधक," मी म्हणालो, "आन् लिंबाचा पाला. धुरी दिल्याली हाय."

"म्हंजे एका हातातनं दुसऱ्या हातात देताना धुरी दिली. उगं पडून ऱ्हाणाऱ्या कागदाला कोण धुरी देतं?"

त्या दिवसापासून बाई मला ते साल वाचून दाखवायला लागल्या. मी म्हणालो नव्हतो. पण त्यांना कळलं असावं की मी पेपर फोटोंपुरता बघतो. रोज चहा झाला की एक-दोन पानं. ते साल मी असं कानानं बघितलं.

त्यात काय नव्हतं. दात कोळशानं घासावेत की राखेनं यावर एक लेख. दुष्काळावर एक कविता, तिच्या मधल्या दोन ओळींच्या जागी फुल्या, बाई म्हणाल्या छापणारा साहेबाला भ्याला असणार. बायकांनी कादंबऱ्या वाचाव्यात का, यावर पाच महिने भांडण, सगळी पत्रं पुरुषांची. आणि दर अंकात एका गोष्टीचं एक प्रकरण. तिच्यातल्या बाईचा नवरा रंगूनला गेलेला, परत येतो म्हणून सांगून आलेला नाही, आणि त्याचं पत्र मधेच कुठंतरी हरवतं. बाईंचा त्या लेखकावर राग होता.

"पत्र हरवतं म्हणं. रजिस्टर करायला काय झालं हुतं त्याला?"

पण प्रकरण संपलं की त्या थांबायच्या. मी म्हणायचो, वाचा की पुढचं. त्या म्हणायच्या, पुढचा अंक पुढच्या महिन्यात. आणि खरंच महिनाभर त्या गोष्टीला हात लावायच्या नाहीत. माळावरच्या लोकांना जेवढी वाट बघायला लागली तेवढी आपणही बघायची. मी चिडायचो. त्यांच्यावर काही परिणाम नाही.

मग एक दिवस बाईंना कपाटाच्या तळाशी एक सुटा अंक सापडला, त्या सालाच्या आदल्या वर्षाचा. बांधायचा राहून गेलेला. त्याला त्याचं मूळचं कव्हर होतं, जाड गुलाबी कागदाचं. आणि कव्हराच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली. हातानं रकाने आखलेले. नाव, मिळाला, दिला. आणि चौथा रकाना, "ऐकणार".

एक अंक सगळ्या गावात फिरायचा. ज्यानं घेतला त्यानं तारीख घालायची, पुढच्याला दिला की तारीख घालायची. आणि त्यानं घरात वाचून दाखवला तर किती जणांनी ऐकला तेही लिहायचं. एकानं लिहिलं होतं "घरची ६, शेजारची ३". एकानं "आई".

बाईंनी ती चिठ्ठी सेक्रेटरींना दाखवली. सेक्रेटरींना आवडली. त्यांनी तिचा मोबाईलवर फोटोही काढला. पण म्हणाले, "मॅडम, हे आदल्या वर्षाचं. आणि ऐकणाऱ्यांना वाचक कसं म्हणायचं? आकडा द्यायचा तर वाचकांचाच द्यायला हवा."

बाईंनी त्या वेळी कार्ड लिहिलं नाही. चष्मा काढला.

"सर, माझा बाप मुंबईला गिरणीत हुता. त्याचं पत्र आलं की मी वाचायची, आई ऐकायची. तिला अक्षर येत न्हवतं. पर दोन सालामागच्या पत्रात तिसऱ्या वळीत काय हाय ते ती मला सांगायची. मी वाचून इसरायची. आता सांगा, त्या घरात वाचणारी कोण हुती?"

सेक्रेटरींनी मोबाईल खिशात ठेवला. मी उठायला बघत होतो. कारण पुढचा प्रश्न काय येणार ते मला दिसत होतं.

तो आलाच. "मग त्या सालाच्या बारा अंकांची कव्हरं कुठं गेली?"

खंडात कव्हरं नव्हती. पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानाला दुसऱ्या अंकाचं पहिलं पान. बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तात्या, ही बांधणी कुणाची?"

"बाबू उस्तादांची," मी म्हणालो.

ते खोटं होतं.

ती बांधणी माझी होती. मी बावीस-तेवीसचा असेन, नुकतं लग्न झालेलं, उस्तादांनी पहिल्यांदाच वाचनालयाचं काम एकट्याच्या हातात दिलं होतं. जुने गठ्ठे माळ्यावरनं काढून वर्षवार बांधायचे. आमच्या धंद्याची रीत अशी की मासिक बांधताना कव्हर आणि जाहिरातींची पानं आधी फाडून काढायची. त्यानं खंड जाड होत नाही, शिलाई बसते. सगळे बाइंडर असंच करतात, कुणीही विचारा. मी केलं त्यात चूक होती असं मला पन्नास वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. आता गेलेल्या उस्तादांच्या नावावर ते ढकलताना मात्र जीभ जड झाली.

बाई "बरं" म्हणाल्या, एवढंच.

चार दिवसांनी माझ्या घरी पोस्टकार्ड आलं. माझ्या नावानं आलेलं मला आठवतं तेवढं पहिलंच. सुनेनं वाचून दाखवू का विचारलं, मी नको म्हणालो आणि बाहेर कट्ट्यावर बसून एकेक अक्षर लावत वाचलं.

"तात्यांस नमस्कार. पुस्तकाची पाठ बांधताना आतून अस्तर कशाचे लावता, कळवावे. य. ननावरे."

त्यांना माहीत होतं. कसं ते मी कधी विचारलं नाही.

पाठीला सरस लावला की त्यावर मलमल बसते, मलमलीवर कागदाचं अस्तर, आणि मग वर पुठ्ठा आणि कापड. अस्तराला जाड, चिवट कागद लागतो. नवा कोण आणतो? फाडून काढलेलं कव्हर असतं की. उभं चिरायचं, पट्ट्या करायच्या, पाठीच्या मापाला चिकटवायच्या.

मी तीन आठवडे वाचनालयात गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा दुखतो हे खरंच आहे, पण तो आधीपासून दुखतो. बाईंचं कार्ड दर आठवड्याला यायचं, मजकूर तोच, अक्षर न अक्षर तेच. वर चिडल्याची खूण नाही की टोमणा नाही. चौथं कार्ड आलं त्या दिवशी मी उठलो, वाचनालयात गेलो आणि बाईंना काचेच्या कपाटासमोर नेऊन उभं केलं.

त्यात शब्दकोशाचे सात खंड आहेत. लाल कापड, सोनेरी अक्षरं. वाचनालयाची शान. पाहुणा आला की अध्यक्ष आधी त्या कपाटाकडं नेतात. माझ्या सगळ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली बांधणी ती आहे.

"त्याच हंगामात बांधल्याले हायत," मी म्हणालो. "कव्हरं ह्यांच्या पाठीत हायत. मीच लावली. उस्तादांनी न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. काचेला नाक लावून त्या सात पाठी बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुमाला तोडायला लागतील."

"व्हय."

"जीव ऱ्हाईल?"

मी म्हणालो, माझ्या बांधणीची चौकशी करू नका.

त्यानंतरची कार्डं किती, ते सेक्रेटरींनाच माहीत. समारंभ तोंडावर, आणि ही बाई शब्दकोश उसवायला मागते. अध्यक्ष नाही म्हणाले, कमिटी नाही म्हणाली. बाई रोज दहाला यायच्या आणि रोज कार्ड टाकायच्या. सेक्रेटरींनी एकदा दोन कार्डं एकदम हातात धरून सांगितलं की कमिटीनं नकार दिलाय, आता टाकू नका. बाई म्हणाल्या, नकार लेखी आलेला न्हाई. लेखी नकार द्यायचा तर कारण लिहायला हवं, आणि कारण लिहायला कुणी तयार होईना. शेवटी एका खंडाला परवानगी मिळाली, मी तो होता तसा करून देईन या बोलीवर. मी बोली केली.

खंड माझ्या घरी नेला. पाठीच्या कापडावर ओलं फडकं ठेवून बसायचं, घाई करायची नाही, सरस आपोआप हात सोडतो. बाई बाजूला उभ्या. कापड सुटलं, पुठ्ठा सुटला, आणि खाली गुलाबी कागदाची पट्टी. मी सुरीच्या बोथट बाजूनं तिला वर उचललं. उलटी केली. शाई फिकी, पण होती.

नावाच्या रकान्याचा अर्धाच तुकडा होता. पण नावापुढं जागा लिहिलेली: "माळ, झोपडी ओळ २". त्याखाली "माळ, ओळ ४, विहिरीकडील".

बाईंनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. मग मला म्हणाल्या, "च्या ठेवा."

तो तुकडा बघितल्यावर सेक्रेटरीच म्हणाले, बाकीचे सहाही उघडा. अध्यक्षांना मी बघतो. त्या दिवसापासून ते आमच्यात आले.

पट्ट्या निघायला लागल्या तशा कुठली पट्टी कुठल्या महिन्याची हे लावायचं काम आलं. मी पोराच्या वर्कशॉपमधनं बारा छोटी खोकी आणली. बाईंनी ती टेबलावर तीन ओळींत उभी मांडली, तोंडं आपल्याकडं करून. मग पट्ट्यांचा गठ्ठा डाव्या हातात घेऊन उभ्या राहिल्या. एक नजर पट्टीवर आणि उजवा हात बरोबर खोक्यात. हात अडखळायचा नाही. मी नुसता बघत राहिलो. आपल्या कामात तरबेज माणूस बघायला मिळणं हे भाग्य असतं, ते मला त्यावेळी मिळालं.

महिन्यामागून महिने जुळले. पहिल्या महिन्यात नऊ नावं. मग आठ, मग सात. नावं कमी होत होती, आणि एकेका झोपडीतला "ऐकणार"चा आकडा वाढत होता. नऊ, चौदा, बावीस. एका झोपडीत बावीस माणसं बसून रंगूनची गोष्ट ऐकत होती.

आठव्या महिन्याच्या तीन पट्ट्या जुळल्या त्या दिवशी बाई वाचता वाचता थांबल्या. भिकू शिंपी म्हणून एक नाव पहिल्यापासून होतं. दर महिन्याला त्याच्या घरची ऐकणारी चार. त्या महिन्यात त्याच्यापुढं "मिळाला"ची तारीख त्याच्याच हातची होती. "दिला"च्या रकान्यात दुसऱ्याचं अक्षर: "मालक वारले. अंक धुरी देऊन पुढे पाठविला." आणि त्याखाली अंगठा. बाजूला लिहिलेलं, "सखू, भिकू शिंपी याची बायको."

बाईंनी अंगठ्यावर बोट ठेवलं नाही, थोडं वर धरलं.

"घरात मयत झाल्यालं हाय," त्या म्हणाल्या, "आन् बाई म्हणती की लोकं वाट बघत असतील."

सेक्रेटरींनी त्या वेळी विचारलं, की मग वाचनालयाच्या तेव्हाच्या चिटणीसांनी रजिस्टरात "वाचन झाले नाही" असं का लिहिलं. खोटं लिहिलं म्हणायचं का?

"सर, रजिस्टर कुणाला दाखवायचं असायचं? साहेबाला. प्लेगात माणसं जमवायला मनाई हुती. बावीस जण एका झोपडीत बसले असं लिव्हलं असतं तर त्यांस्नी धरलं नसतं? म्हणून पान कोरं."

"हा अंदाज झाला, मॅडम."

"व्हय," बाई म्हणाल्या. "अंदाजच हाय."

आणि बारावं खोकं रिकामं होतं.

सातही खंड उघडून झाले. अकरा महिन्यांच्या चिठ्ठ्या लागल्या, बाराव्याची एक पट्टी नाही. बाराव्या अंकात गोष्टीचा शेवट होता. आम्हाला तो बाईंनी अजून वाचून दाखवला नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, अकरा पुरेत, मी स्मरणिकेतली ओळ बदलतो. बाई ऐकेनात. त्यांना ओळीशी घेणं राहिलं नव्हतं.

"एवढं सोसून त्यांनी गोष्ट शेवटापतूर ऐकली का न्हाई, एवढंच मला कळायचंय. नुसती छापून आली म्हंजे पोचली असं न्हाई."

मी खंड पुन्हा बांधायला घेतले. हात कामात आणि डोकं बाराव्यात. त्या हंगामात आणखी काय बांधलं होतं? आठवेना. समारंभाला आठवडा राहिला असताना मी खंड परत द्यायला गेलो. सेक्रेटरी टेबलावर ते जुनं रजिस्टर उघडून बसले होते, त्याची पाठ माझ्याकडं. आणि मला पाठीच्या टोकाला दोरा दिसला. दुहेरी, मेण लावलेला, गाठ आत घेतलेली. अशी गाठ उस्ताद मारत नसत. ती माझी गाठ.

रजिस्टर फाटलं म्हणून त्याच हंगामात मी त्याची पाठ नवी केली होती.

मी सांगितलं. सेक्रेटरी रजिस्टरावर हात ठेवून बसून राहिले. तो मूळ दस्त, शब्दकोश नव्हे. फाटला तर परत होणार नाही. बाई खिडकीपाशी होत्या, त्या टेबलापर्यंत आल्या. मला वाटलं आता पिशवीतनं कार्ड निघणार.

"सर, आता टपालाला येळ न्हाई," त्या म्हणाल्या. "तोंडानं मागते. द्या."

सेक्रेटरींनी रजिस्टर माझ्याकडं सरकवलं.

तिथंच उघडलं. रजिस्टराची पाठ रुंद, चार बोटांची, म्हणून मी त्या वेळी कव्हर चिरलं नव्हतं, दुमडून तसंच आत बसवलं होतं. चिठ्ठी अखंड निघाली. तिच्यावर रकाने आखलेले होते, पण नावं लिहिलेली नव्हती. आडवी एकच ओळ सगळ्या रकान्यांवरनं गेलेली.

"एकदाच वाचला. ऐकणार, सगळा माळ. वाचन पुरे झाले."

बाईंनी रजिस्टराचं कोरं पान काढलं आणि चिठ्ठी त्या ओळीशेजारी धरली. "सबब, वाचन झाले नाही." दोन्हीकडचं "वाचन" आणि दोन्हीकडचं "झाले" एकसारखं. तोच तिरका हात, "च" ची तीच गाठ.

"एकच माणूस हाय," बाई म्हणाल्या. "चिटणीस. साहेबाला हे लिव्हलं, आन् स्वताला ते. आता अंदाज न्हाई, सर."

मग त्या खुर्चीवर बसल्या. बाई बसलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. बसून त्यांनी गोष्टीचं शेवटचं प्रकरण आम्हा दोघांना वाचून दाखवलं. रंगूनचा नवरा येतो की नाही, ते मी इथं सांगणार नाही. वाचनालयात खंड आहे, तिथं जाऊन वाचा, नाहीतर कुणाकडून ऐका.

त्या सालाचा खंड मी नव्यानं बांधला. बारा कव्हरं बारा अंकांच्या जागी, चिठ्ठ्या जोडून. कडा कापल्या नाहीत. त्या दिवसापासून मी कुठल्याही मासिकाचं कव्हर फाडलेलं नाही आणि जो फाडेल त्याच्याशी मी भांडतो.

समारंभात बाई स्टेजवर बसल्या नाहीत. सेक्रेटरींनी भाषणात नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तोवर खुर्ची रिकामी. मी बाहेर आलो. बाई कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी उभ्या होत्या, हातात कार्डांचा गठ्ठा. चिठ्ठ्यांवरच्या नावांची घरं त्यांनी दोन महिने शोधली होती. कुणाचा पणतू इस्लामपुरात, कुणाचा फौजेत, कुणाची पणती पाचगणीच्या शाळेत शिकवणारी. सगळ्यांना एकेक कार्ड. आपल्या घरच्या अमक्यांनी अमुक महिन्याचा अंक माळावर ऐकला, म्हणून.

एकेक कार्ड टाकायचं, दोन बोटं फटीत घालून आत पडलं का बघायचं, मग पुढचं. शेवटचं कार्ड त्यांनी हातात धरून ठेवलं. मी पत्ता लावून वाचला. शिंपी टेलर्स, आमच्याच पेठेतलं.

"बाई, हे दोन गल्ल्या पलीकडं हाय. जाता जाता देऊ की हातात."

"न्हाई," बाई म्हणाल्या. "टपालानंच जाऊ द्या."

आणि त्यांनी ते उलटं करून मला वाचायला दिलं. मी वाचेपर्यंत उभ्या राहिल्या, मधे एक अक्षर सांगितलं नाही.

"श्रीमती सखूबाई शिंपी यांच्या घरच्यांस. आपण पुढे पाठविलेला अंक पोचला."

मी कार्ड परत दिलं. त्यांनी ते पेटीत टाकलं, दोन बोटं आत घातली, आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.